नेव्हिलला न विचारता

बुरागिनच्या रेल्वे डेपोत मी सव्वीस वर्षं ड्युट्या लावल्या. कुठला ड्रायव्हर कुठली गाडी नेणार, कोण रजेवर, कोण आजारी, कुणाच्या मुलीचं लग्न, सगळं माझ्या तक्त्यावर असायचं. भिंतीवर एक मोठा कागद, त्यावर चौकोन आणि चौकोनांत पेन्सिलीनं लिहिलेली नावं. पेन्सिलीनं अशासाठी, की ड्रायव्हर लोकांचा भरवसा नाही. आदल्या दिवशी हो म्हणतील आणि सकाळी कंबर धरून बसतील. तोंडावर सगळे मला बर्नी म्हणत. पाठीमागे काय म्हणत तेही मला ठाऊक आहे, पण ते छापण्यासारखं नाही.

या सव्वीस वर्षांत मी एक मोठी चूक केली. ती चांगल्या मनानं केली होती, म्हणून ती सापडायला सोळा महिने लागले. चूक नेव्हिल पेंगलीच्या बाबतीत झाली, तेव्हा आधी नेव्हिलबद्दल सांगते.

नेव्हिलचा बाप रुळांची डागडुजी करणाऱ्या टोळीत होता. नेव्हिल स्वतः सोळाव्या वर्षी इंजिनं पुसायला लागला आणि सत्ताविसाव्या वर्षी ड्रायव्हर झाला. उंच, किडकिडीत, बोलण्यात महाकंजूस. ड्युटीवर यायचा तो वेळेच्या वीस मिनिटं आधी, आणि आल्याबरोबर पहिलं काम म्हणजे केबिनची काच जुन्या वर्तमानपत्रानं घासायची. दोन मुली लग्न होऊन शहरात गेलेल्या, घरी तो आणि बायको ग्लेनिस, परसात टोमॅटो. उन्हाळ्यात त्या टोमॅटोंची एक पिशवी माझ्या टेबलावर यायची. मी दरवर्षी विचारायचे, "काय रे नेव्ह, लाच देतोस का?" तो दरवर्षी म्हणायचा, "टोमॅटो आहेत."

असा हा घुम्या माणूस भोंग्यातून मात्र भरपूर बोलायचा. क्रॉसिंगच्या आधी एक लांब भोंगा द्यायचा हा नियम आहे, तो सगळेच देतात. त्यानंतरचे आखूड भोंगे नेव्हिलचे स्वतःचे. शाळेच्या कुंपणाला मुलं लटकलेली दिसली की दोन. कुणाकडे बारसं असलं की तीन. नियमात बसत नव्हतं ते, मी त्याला लेखी समज द्यायला हवी होती. दिली नाही. गावाला ते आवडायचं आणि मलाही आवडायचं.

कॉलिन ट्रेगोनिंगसाठी एक आखूड भोंगा होता. कॉलिनचं घर रुळांच्या दक्षिणेला आणि गव्हाची मोठी शेतं उत्तरेला. मधे मुरमाचा रस्ता आणि क्रॉसिंग. तिथे ना फाटक ना दिवे, फक्त 'थांबा' अशी पाटी. रोज सकाळी सात-वीसला नेव्हिलची गव्हानं भरलेली मालगाडी बंदराकडे जाताना तिथून जायची. तोवर कॉलिन आपली पिकअप घेऊन रूळ ओलांडून गेलेला असायचा आणि पलीकडे शेताचं फाटक उघडत असायचा. नेव्हिल एक आखूड भोंगा द्यायचा, कॉलिन एक बोट वर करायचा. आमच्याकडचे शेतकरी नमस्कार तेवढाच करतात. अख्खा हात वर केला तर लोक विचारायला येतात, काय झालं म्हणून. अकरा वर्षं हे असं चाललं. गावात समोरासमोर आले तर दोघं पावसाबद्दल दोन वाक्यं बोलून सुटका करून घ्यायचे. खरी ओळख होती ती भोंग्याची आणि बोटाची.

मे महिन्यात, आमच्याकडे हिवाळा सुरू होताना, ऐन पेरणीत, कॉलिन एके दिवशी चार मिनिटं उशिरा निघाला. मे महिन्यात सात-वीसला सूर्य आमच्याकडे नुकता रुळांच्या वर आलेला असतो, आणि बंदराकडे जाणारी गाडी नेमकी त्या सूर्यातून बाहेर येते. पिकअप पाटीपाशी थांबली नाही. चाळीस भरल्या वाघिणी ऐंशीच्या वेगानं चालल्या असतील तर ब्रेक मारल्यावर गाडी थांबायला एक किलोमीटर लागतो. आणि ड्रायव्हरच्या हातात काही मोटारीसारखं चाक नसतं, की वळवली बाजूला. डेपोतल्या प्रत्येकाला हे माहीत असतं आणि कुणी ते बोलत नाही.

केबिनमध्ये दुसरा माणूस देणं तोवर बंद झालं होतं, नेव्हिल एकटाच होता. रेडिओवर त्याचा आवाज मीच ऐकला. "बर्नी, ट्रेगोनिंगच्या क्रॉसिंगवर पिकअप लागली. कॉलिन आहे." मग तो खाली उतरून किलोमीटरभर मागे चालत गेला. कॉलिन गेलेला होता. पोलीस यायला पन्नास मिनिटं लागली. तेवढा वेळ नेव्हिल आपलं जाकीट कॉलिनवर घालून त्याच्याशेजारी मुरमावर बसून राहिला. पिकअपचा रेडिओ चालूच होता, गव्हाचे भाव आणि उद्याचं हवामान सांगत होता. पोलीस येईपर्यंत कशाला हात लावायचा नाही, म्हणून यानं तो बंदही केला नाही.

पुढचं सगळं रीतीप्रमाणे झालं. नेव्हिलची तपासणी झाली, जबाब झाले, सहा आठवडे रजा मिळाली. शहरातून एक समुपदेशक बाई आल्या आणि एक घडीचं पत्रक देऊन गेल्या. भरपूर पाणी प्या आणि मन मोकळं करा, असं त्यात लिहिलं होतं. बाई वाईट नव्हत्या. पण आमच्याकडच्या पुरुषाला मन मोकळं कर म्हणायचं आणि तो करेपर्यंत वाट बघायची, एवढा वेळ कुणाकडे असतो? त्यांची परतीची बस चारला होती. तीन महिन्यांनी अपघाती मृत्यूची चौकशी करणाऱ्या कॉरोनरनं निकाल दिला, की ड्रायव्हरचा काडीचा दोष नाही.

अशा अपघातानंतर कोण कसा सावरतो ते मी सव्वीस वर्षं बघत आले आहे. आमच्या गिनोच्या गाडीखाली आजवर तिघं गेले. तो दुसऱ्याच दिवशी त्यावर असा विनोद करतो की नवख्या माणसाला त्याला मारावंसं वाटेल. मग महिनाभर दर रविवारी तो चर्चमध्ये मेणबत्ती लावून येतो. विनोद सगळ्यांना ऐकू येतात, मेणबत्ती त्याच्या बायकोला माहीत आणि तिच्याकडून मला. एकजण पुन्हा इंजिनावर चढलाच नाही. त्यानं रोपवाटिका काढली, आणि तिथे कुणी रेल्वेचा विषय काढला की तो नळी घेऊन झाडांना पाणी घालायला जातो. डेपोची म्हणून एक रीत होती. अपघातानंतर ड्रायव्हर पहिल्यांदा गाडी नेतो त्या दिवशी त्याच्या शेजारी कुणीतरी जाऊन बसायचं. बोलायचं नाही, नुसतं बसायचं. दुसरी रीत अशी की त्या माणसाला त्याबद्दल कधीही काही विचारायचं नाही.

नेव्हिल परत आला तेव्हा गिनो त्याच्या शेजारी बसला. मी नेव्हिलला उत्तरेच्या शाखेवर लावलं होतं. ट्रेगोनिंगचं क्रॉसिंग पश्चिमेच्या मुख्य मार्गावर येतं, तिथून त्याला पुन्हा जायला नको, एवढाच विचार. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या आठवड्यातही तेच. कधी उत्तरेची शाखा, कधी यार्डात वाघिणींची ढकलाढकल. त्यासाठी मला बाकीच्यांच्या ड्युट्या फिरवाव्या लागत, पण कुणी कुरकुर केली नाही. सगळ्यांना न सांगता समजलं होतं. नेव्हिल चहाच्या खोलीत आला की लोक चालू असलेलं बोलणं थांबवत, न जाणो एखादा शब्द त्याला लागायचा. किती जपतो आपण त्याला, असं मला वाटायचं. खरं सांगायचं तर मला स्वतःचं कौतुकच वाटायचं.

त्या उन्हाळ्यात टोमॅटो आले नाहीत. मी म्हटलं, पाऊस कमी झाला.

सोळा महिन्यांनी, सप्टेंबरातल्या एका दुपारी नेव्हिल माझ्या खोलीत आला आणि त्यानं टेबलावर पाकीट ठेवलं.

"काय हे?"

"राजीनामा. महिनाअखेरीपासून."

"अरे, तुझी चार वर्षं राहिलीत की अजून!"

"राहू देत."

"ग्लेनिसला विचारलंस का? की तीसुद्धा माझ्यासारखी पाकीट बघूनच शहाणी होणार?"

तो उभाच राहिला. टोपी हातात घेऊन तिच्या कडेवरून बोट फिरवत होता. मग म्हणाला, "तुम्ही सगळ्यांनी ठरवलंच आहे, तर मी कशाला ताणत बसू?"

"कुणी ठरवलं? काय ठरवलं?"

त्यानं टोपी भिंतीवरच्या तक्त्याकडे केली. "सोळा महिने झाले, बर्नी. मुख्य मार्गावर एकदा तरी माझं नाव दाखव. काल लागलेली माणसं पश्चिमेला जातात आणि मी यार्डात वाघिणी ढकलतो. आत आलो की सगळे गप्प. मी काय आंधळा आहे? कॉरोनर म्हणाला माझी चूक नाही. डेपो म्हणतो, आहे. कॉरोनरनं आयुष्यात कधी इंजिन चालवलं नाही, डेपोला जास्त कळतं."

तो म्हणत होता ते सगळं तक्त्यावर होतं. आणि असं झालं की मला राग येतो. हा माझा जन्माचा दोष आहे. "अरे गाढवा," मी ओरडले, "तुला त्रास होऊ नये म्हणून लावलं मी तसं! तिथून परत परत जायला लागू नये म्हणून! सगळे तुझ्यासाठी आपल्या ड्युट्या बदलून घेत होते, आणि तू..."

"मला विचारलंस?"

मी पेन्सिल उचलली आणि परत ठेवली.

"एकदा तरी विचारलंस, बर्नी? नेव्ह, कुठे लावू म्हणून?"

नव्हतं विचारलं. आठवड्याला एक तक्ता, सोळा महिने, त्यातली सहा आठवड्यांची रजा सोडली तरी साठ तक्ते मी लिहिले असतील. प्रत्येक वेळी त्याचं नाव लिहिताना मला आपण किती मायाळू असं वाटलं, आणि तो ते दर सोमवारी उभा राहून शिक्षेसारखं वाचत होता. मी त्याला बस म्हटलं. तो बसला. मी पाकीट ड्रॉवरमध्ये टाकलं आणि म्हटलं, "झालं ते झालं. उद्यापासून पश्चिमेला लावते. राजीनाम्याचं नाव काढायचं नाही."

"तेवढ्यानं होत नाही," तो म्हणाला. "कारण डेपोचं बरोबरच आहे."

आणि मग त्यानं जे कुणालाच, ग्लेनिसलाही, सांगितलं नव्हतं ते मला सांगितलं. नजर पूर्ण वेळ तक्त्यावर. "रुळांकडेच्या भोंग्याच्या पाटीपाशी मी लांब भोंगा दिला, नियमाप्रमाणे. पुढे आल्यावर मला पिकअप दिसली. मला वाटलं, आज मागे राहिलाय, थांबेल. आणि माझ्या हातानं आखूड भोंगा दिला. मी नाही दिला, हातानंच दिला. रोजचा. त्यानं काचेतून बोट वर केलं, बर्नी. सूर्य तोंडावर, मी त्याला दिसतही नसेन, पण भोंगा ऐकला आणि बोट वर केलं, आणि पुढे आला. रोज तो भोंगा तो पलीकडे गेल्यावर व्हायचा ना. अकरा वर्षं मी त्याला शिकवलं, की माझा भोंगा वाजला म्हणजे सगळं ठीक आहे. सावध हो असं सांगायला माझ्याकडे दुसरा भोंगाच उरला नव्हता."

 तुझी चूक नाही, असं म्हणणं सोपं होतं, आणि ते कॉरोनरनं म्हणून झालं होतं. शेवटी मी विचारलं, "आता तुला काय करायचंय?" सोळा महिन्यांत त्याला विचारलेला हा माझा पहिला प्रश्न.

"थेल्माला सांगायचंय," तो म्हणाला. थेल्मा म्हणजे कॉलिनची बायको. "तिला सांगितल्याशिवाय मी तिच्या दारावरून गाडी नाही नेऊ शकत. आणि सांगायची हिंमत होत नाही."

"मी येते बरोबर."

"तू मधे बोलशील."

"नाही बोलणार."

तो बऱ्याच दिवसांनी हसल्यासारखा झाला. माझ्यावर त्याचा विश्वास बसला नव्हता हे उघड होतं, पण रविवारी दुपारी तो मला घ्यायला आला.

थेल्मा मेंढ्यांच्या वाड्यात होती, गुडघ्यापर्यंत बूट आणि हातात औषधाची पिचकारी. साठीची बाई, पण मेंढीला एका हातानं दाबून धरत होती. नेव्हिलला बघून तिनं ती मेंढी सोडली.

"आलास?" ती म्हणाली. "अकरा किलोमीटर यायला सोळा महिने लागले. मालगाडीसुद्धा याहून बरी."

नेव्हिलनं टोपी काढली. मला वाटलं, इथूनच परत फिरतो आता. पण थेल्मानं बूट दारात काढले आणि आम्हाला स्वयंपाकघरात नेलं. तिनं चहा ठेवला, फळांचा केक कापला, आणि हात पुसत समोर बसली. "बोल."

मला सांगितलं तसंच त्यानं तिला सांगितलं, लांब भोंगा, आखूड भोंगा, बोट. या वेळी तक्ता नव्हता, म्हणून तो केककडे बघत बोलला. मी जीभ दातांखाली धरून बसले होते, आणि मला ते किती जड गेलं ते मलाच ठाऊक.

थेल्मानं सुरी केकच्या ताटलीत ठेवली. मग म्हणाली, "बोट वर केलं?"

"हो."

"चेहरा कसा होता?"

"सूर्य होता ना डोळ्यांवर, डोळे बारीक केलेले. पण रोजच्यासारखाच होता. तसाच."

"घाबरलेला नव्हता?"

"नाही. मी बघितलं ना. नव्हता घाबरलेला."

ती उठली आणि आमच्याकडे पाठ करून उभी राहिली. नळ सोडला, पण त्याखाली काही धरलं नाही. बऱ्याच वेळानं तिनं नळ बंद केला आणि वळली तेव्हा तिचा चेहरा ओला होता आणि ती भयंकर चिडलेली होती.

"पोलीस म्हणाले त्याला काही कळलं नसेल. पोलीस तेच सांगणार, सगळ्यांना तेच सांगतात. सोळा महिने मी रोज सकाळी सात-वीसला इथे उभी असते आणि मनात म्हणते, आता त्याला दिसलं असेल, आता तो घाबरला असेल, आता त्यानं मला हाक मारली असेल. रोज! आणि तुला माहीत होतं! तुला एकट्याला माहीत होतं आणि तू ते खिशात घालून फिरत होतास?"

नेव्हिल खुर्चीत खिळल्यासारखा झाला. हे त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं. शिव्या ऐकायच्या तयारीनं तो आला होता, आणि शिव्या मिळाल्या, पण भलत्याच गोष्टीसाठी.

"मला वाटलं, तुला त्रास होईल," तो पुटपुटला.

"त्रास होईल म्हणे! मला विचारायचं होतंस!"

मी मान खाली घातली. ते मलाही लागू होतं.

जरा वेळानं नेव्हिलनंच विचारलं, "भोंग्यामुळे झालं का, थेल्मा?"

ती खाली बसली. "मला माहीत नाही रे. थोडं त्यामुळे झालंही असेल, खोटं कशाला बोलू. पाटीपाशी त्यानं थांबायला हवं होतं, तीस वर्षं सांगत होते. आणि त्या दिवशी त्याला उशीर का झाला सांगू? तो उठला होता निघायला. मी म्हटलं, बस, दुसरा कप घेऊन जा. पेरणीत तोंड बघायला मिळत नाही तुझं. चार मिनिटं लागतात दुसऱ्या कपाला." तिनं चहाचा कप नेव्हिलच्या पुढे सरकवला. "हे मी आज पहिल्यांदा कुणाला तरी सांगतेय. गार होतोय, पी."

तो प्यायला. आम्ही तिघांनी मिळून तो केक संपवला, आणि निघताना थेल्मानं नेव्हिलच्या दंडावर एक गुद्दा मारला, अगदी हलका नव्हे.

गाडीत बसल्यावर मी म्हटलं, "आता पश्चिमेला लावू? विचारतेय हं."

"लाव. गुरुवारी. पण गिनोला शेजारी नको बसवू."

"का रे?"

"तो सबंध वेळ श्वास रोखून बसतो. मलाच त्याची काळजी लागते. तू ये."

मला केबिनमध्ये बसायची परवानगी नव्हती. तक्ता मीच लिहीत असल्यामुळे ती अडचण पेन्सिलीनं सुटली. सव्वीस वर्षं मी माणसांना इंजिनावर पाठवत होते आणि स्वतः चालत्या इंजिनात एकदाही बसले नव्हते, हे त्या गुरुवारी शिडीला हात लावल्यावर माझ्या लक्षात आलं. केबिनमध्ये सगळं थरथरत होतं. दर मिनिटाला एक दिवा लागायचा आणि ड्रायव्हर जागा आहे हे कळवायला नेव्हिलला बटण दाबावं लागायचं. काच त्यानं लख्ख घासली होती. दोन्ही बाजूंना हिरवा गहू गुडघाभर उभा होता.

ट्रेगोनिंगच्या क्रॉसिंगआधीची भोंग्याची पाटी आली. नेव्हिलनं लांब भोंगा दिला, नियमाप्रमाणे, आणि हात काढून मांडीवर ठेवला. क्रॉसिंग रिकामं होतं. थेल्माच्या स्वयंपाकघराची खिडकी दिसली, मागे गेली. त्यानं बटण दाबलं.  मी मनात म्हटलं, झालं एकदाचं, जिंकलो.

सहा किलोमीटर पुढे आणखी एक तसंच क्रॉसिंग आहे, तक्त्यावर त्याला नावही नाही. डावीकडून मुरमाच्या रस्त्यावरून धूळ येताना मला दिसली. धुळीच्या पुढे एक पांढरी मोटार. नेव्हिलला ती माझ्या आधी दिसली असणार, कारण त्याचा हात आधीच भोंग्यावर होता. तो दाबून धरला होता, सोडत नव्हता. मोटार येतच होती. मी ब्रेककडे बघितलं, मग त्याच्याकडे बघितलं. तो फक्त मोटारीकडे बघत होता. आत एक तरुण बाई होती, मागच्या सीटकडे वळून काहीतरी उचलत होती. आमच्याकडे तिनं बघितलंच नाही. मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही, आणि त्या भोंग्यात ते मलाही ऐकू आलं नाही.

मोटार थांबली. रुळांपासून चार हातांवर. आम्ही तिच्यासमोरून गेलो तेव्हाही ती बाई मागेच वळलेली होती.

मी त्या केबिनमध्ये लहान मुलासारखी रडले. नेव्हिलनं बटण दाबलं. मग एका हातानं थर्मास उघडून झाकणात चहा ओतला आणि माझ्या हातात दिला, माझ्या बोटांवर स्वतःची बोटं ठेवून, म्हणजे सांडू नये.

"पी हळूहळू. साखर घातलीय. पहिल्यांदा सगळ्यांचं असं होतं."

"हे किती वेळा होतं, नेव्ह?"

"आठवड्यातून एकदा-दोनदा. पेरणीला, कापणीला जास्त."

"आणि तिथेसुद्धा? उत्तरेच्या शाखेवर?"

"क्रॉसिंग सगळीकडेच आहेत की, बर्नी."

सोळा महिने मी त्याला कुठून वाचवत होते, देव जाणे. मी चहा प्यायले. तो समोर बघत होता, खांदे सैल, एक हात बटणाशी. इतक्या दिवसांत मी त्याला असा बघितला नव्हता. माझी काळजी घेता घेता तो ड्रायव्हरच्या जागेवर नीट बसला होता.

"हे कधी सांगितलं का नाहीस कुणाला?"

"कुणी विचारत नाही."

मी झाकण पुसून थर्मासला लावलं. नाक पुसलं. पिशवीतून या आठवड्याच्या तक्त्याची नक्कल काढली, पेन्सिल काढली आणि नेव्हिलच्या नावापुढचा उद्याचा चौकोन खोडून त्याला विचारलं, "उद्या कुठे लावू तुला?"

दिवा लागला. त्यानं बटण दाबलं, आणि पुढचे रूळ बघत त्यानं बराच वेळ विचार केला.

"उद्या इथेच," तो म्हणाला. "परवाचं परवा विचार."